शिकारीचे पक्षी, नाताळची मेजवानी आणि इंग्लंडमधील शिकारविषयक कायदे : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

इंग्रजी नाताळच्या मेजवानीचे वर्णन करताना टर्की, प्लम पुडिंग आणि मिन्स पाई यांचा उल्लेख हमखास केला जातो. त्याच मेजवानीत फेझंट, तित्तिर, वुडकॉक, ग्राउझ इत्यादी रानपक्ष्यांना शतकानुशतके मानाचे स्थान होते. परंतु त्याकडे बहुधा खवय्यांच्या आवडीनिवडीचा विषय म्हणूनच पाहिले गेले आहे. पाकशास्त्रावरील जुने ग्रंथ इतिहासाचे साधन म्हणून वापरताना एक धोका नेहमी संभवतो. ग्रंथात कृती दिलेली आहे, म्हणजे तो पदार्थ तत्कालीन लोकांच्या ताटात होता, असे आपण सहज गृहीत धरतो. अठराव्या शतकातील इंग्लंडच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. पाककृतींच्या पुस्तकात तित्तिर भाजण्याची कृती वाचणाऱ्या बहुसंख्य वाचकांना तो पक्षी मारण्याचा अधिकार नव्हता आणि तो विकत घेण्याचा सरळ मार्गही उपलब्ध नव्हता.

१६७१ ते १८३१ या कालखंडात नाताळच्या टेबलावरील रानपक्ष्याची प्रतिष्ठा मुख्यतः तो उघडपणे विकत मिळत नसे या वस्तुस्थितीतून निर्माण झाली. चवीचा वाटा त्यात दुय्यम होता, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी पाकग्रंथ आणि कायदे ही दोन साधने एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याचा प्रयत्न येथे केला आहे. आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत 'शिकार' हा शब्द क्रियेलाही लावतात आणि मारलेल्या प्राण्यालाही. इंग्रजीतील 'गेम' हा शब्द मात्र कायद्याने आखून दिलेला वर्ग दर्शवितो. कोणता पक्षी 'गेम' आहे आणि कोणता नाही, हे पक्ष्याच्या स्वभावावरून ठरत नसे. ते संसद ठरवीत असे.

कायद्याने ठरविलेले ताट

या कायद्यांची परंपरा मध्ययुगापर्यंत मागे जाते. १३८१ च्या शेतकरी उठावानंतर काही वर्षांतच, दुसऱ्या रिचर्डच्या कारकिर्दीत, वर्षाला किमान ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन नसलेल्या सामान्य माणसास शिकारी कुत्रे, जाळी आणि फासे बाळगण्यास मनाई करण्यात आली. त्या कायद्यात दिलेले कारण मननीय आहे. सणासुदीच्या दिवशी भाविक लोक चर्चमध्ये असताना कारागीर आणि मजूर शिकारीस जातात व त्या निमित्ताने एकत्र जमून कटकारस्थाने रचतात, असे तेथे म्हटले आहे. सण, शिकार आणि राज्यकर्त्यांची भीती यांची सांगड अशी आरंभापासूनच घातली गेली होती. १४८२ च्या कायद्याने हंस बाळगण्यासाठीही वर्षाला ५ मार्क उत्पन्नाच्या जमिनीची अट घातली. भाजलेला हंस आणि स्वतःच्याच पिसाऱ्यात पुन्हा सजवून आणलेला मोर हे मध्ययुगीन राजमेजवान्यांचे भूषण होते. तेव्हा हा पक्षी कोणाच्या टेबलावर शोभावा, याचा निर्णय आचाऱ्याच्या कौशल्याआधी महसुलाच्या नोंदीनेच केलेला असे.

तथापि या विषयातील निर्णायक कायदा १६७१ चा होय. त्यानुसार वर्षाला किमान १०० पौंड उत्पन्नाची मालकीची जमीन, किंवा १५० पौंड उत्पन्नाची दीर्घ मुदतीच्या पट्ट्याची जमीन असणाऱ्यांना आणि एस्क्वायर वा त्याहून वरच्या दर्जाच्या व्यक्तींच्या वारसांनाच ससे, फेझंट, तित्तिर आणि ग्राउझ मारण्याची मुभा राहिली. जमीनदारांनी नेमलेल्या गेमकीपरांना, म्हणजे रानाच्या राखणदारांना, अपात्र लोकांच्या घरांची झडती घेऊन बंदुका, कुत्रे आणि जाळी जप्त करण्याचा अधिकार मिळाला. परगण्यातून संसदेचा प्रतिनिधी निवडण्यासाठी मतदारास वर्षाला ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड उत्पन्नाची जमीन पुरेशी होती. एक तित्तिर मारण्यासाठी मताधिकारापेक्षा ५० पट मालमत्ता लागते, ही विसंगती विख्यात विधिज्ञ विल्यम ब्लॅकस्टन यांनी आपल्या भाष्यग्रंथात नोंदविली आहे. विसंगती एवढ्यावरच थांबत नव्हती. लंडनमधील श्रीमंत व्यापाऱ्यापाशी लाखो पौंड असले, तरी जमीन नसेल तर तो अपात्रच ठरे; आणि लहान शेतकऱ्यास स्वतःच्या शेतातील पीक खाणारा फेझंट नुसता पाहत बसावे लागे.

हेन्री फील्डिंगच्या १७४९ मधील 'टॉम जोन्स' या कादंबरीत ब्लॅक जॉर्ज नावाचा गेमकीपर तित्तिरांच्या थव्यामागे शेजाऱ्याच्या हद्दीत शिरतो आणि त्यापायी नोकरी गमावून बसतो. समकालीन वाचकाला हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज भासली नसावी.

विकत न मिळणारी भेट

मारण्याच्या अधिकारावर मर्यादा आली, तसे विक्रीवरही निर्बंध आले. १७०७ च्या कायद्याने फेरीवाले, मालवाहक, खानावळवाले अशांना विक्रीसाठी शिकार जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविला. १७५५ मध्ये तर पात्र जमीनदारालाही आपण मारलेला पक्षी विकण्यास बंदी झाली. याचा परिणाम असा झाला की, फेझंट अथवा तित्तिर सरळ मार्गाने मिळविण्याचे दोनच उपाय उरले. एक तर तो स्वतःच्या अधिकारात मारणे, किंवा अधिकार असलेल्या व्यक्तीकडून भेट म्हणून स्वीकारणे. हिवाळा आला की गावाकडच्या इस्टेटींतून शहरातील नातलग, स्नेही, वकील आणि राजकीय पाठीराखे यांच्याकडे घोडागाड्यांतून टोपल्या रवाना होऊ लागत. टोपलीतील पक्ष्यांची जोडी हा एक सामाजिक संकेत होता. देणाऱ्याची जमीन आणि घेणाऱ्याशी असलेले त्याचे नाते या दोन्ही गोष्टी त्यातून व्यक्त होत. 'द ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस' हे गीत १७८० च्या सुमारास लंडनमध्ये प्रथम छापले गेले. त्यात नाताळच्या पहिल्या दिवशी प्रियकराकडून येणारी भेट तित्तिराचीच आहे, हे या पार्श्वभूमीवर लक्षणीय वाटते. अर्थात लोकगीताच्या आधारे फार मोठे अनुमान काढणे योग्य होणार नाही.

भेटीच्या या प्रथेचा सर्वांत बोलका पुरावा पाकग्रंथातच सापडतो. हॅना ग्लास यांचा 'द आर्ट ऑफ कुकरी मेड प्लेन अँड ईझी' हा ग्रंथ १७४७ मध्ये प्रसिद्ध झाला. उमरावांच्या स्वयंपाक्यांसाठी नव्हे, तर सामान्य मोलकरणींना वाचून समजेल अशा भाषेत तो लिहिलेला आहे. त्यातील 'यॉर्कशायर ख्रिसमस पाई'ची कृती अशी : टर्की, गूज, कोंबडी, तित्तिर आणि कबूतर या पाच पक्ष्यांची पाठ चिरून त्यांची सर्व हाडे काढावयाची. जायपत्री, जायफळ, लवंग, काळी मिरी आणि मीठ यांचा मसाला लावून कबूतर तित्तिरात, तित्तिर कोंबडीत, कोंबडी गूजमध्ये आणि गूज टर्कीमध्ये, असे एकात एक बसवावयाचे. कणकेच्या जाड कवचात मधोमध ही टर्की ठेवून एका बाजूस सशाचे तुकडे आणि दुसऱ्या बाजूस वुडकॉक, ग्राउझ व मिळतील ते रानपक्षी भरावयाचे. वर किमान ४ पौंड, म्हणजे जवळजवळ पावणेदोन किलो लोणी घालून, जाड झाकण बसवून, तापलेल्या भट्टीत निदान ४ तास भाजावयाचे. कवचासाठीच एक बुशेल, म्हणजे अंदाजे २५ किलो पीठ लागते. एवढ्या जाड कवचाचे कारण लेखिकेने स्वतःच दिले आहे. या पाई पेटीत घालून लंडनला भेट म्हणून पाठविल्या जातात, म्हणून भिंती भक्कम हव्यात. हे कवच खाण्यासाठी नव्हतेच. आत लोणी गोठून हवेला वाव राहत नसे, बाहेर कवच डब्याचे काम करी, आणि थंडीच्या दिवसांत पाई कित्येक दिवसांचा प्रवास सहन करी.

मला या कृतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पाईच्या पोटात इंग्लंडची कायदेशीर उतरंडच रचलेली आहे. टर्की, गूज आणि कोंबडी हे बाजारात कोणालाही मिळणारे पाळीव पक्षी. कबूतर हे घरच्या खुराड्यातले. तित्तिर, ससा आणि ग्राउझ हे १०० पौंडांच्या अटीत अडकलेले. वुडकॉक हा रानपक्षी खरा, पण कायद्याच्या काटेकोर व्याख्येनुसार 'गेम' नव्हे. ही पाई कापली जाई तेव्हा यजमानाच्या मालमत्तेचा दाखलाच जणू पाहुण्यांना वाढला जाई.

या प्रथेचे भव्य रूप १७७० च्या जानेवारीत 'न्यूकॅसल क्रॉनिकल'ने नोंदविले आहे. सर हेन्री ग्रे यांच्यासाठी नॉर्थम्बरलंडमधील हॉविक येथे तेथील गृहव्यवस्थापिका डोरोथी पॅटरसन यांनी एक पाई तयार केली. २ बुशेल पीठ, २० पौंड लोणी, ४ गूज, २ टर्की, २ ससे, ४ रानबदके, २ वुडकॉक, ६ स्नाइप, ४ तित्तिर, २ जिभा, २ कर्ल्यू, ७ ब्लॅकबर्ड आणि ६ कबुतरे इतका तिचा ऐवज होता. घेर सुमारे ९ फूट, वजन सुमारे १२ स्टोन, म्हणजे ७६ किलोच्या आसपास. टेबलाभोवती फिरविता यावी म्हणून तिच्या पेटीला चार लहान चाके बसविली होती. बेरिक बंदरातून ती जहाजाने लंडनला गेली.

मराठी वाचकास येथे साहजिकच 'डाली'ची आठवण होईल. इंग्रज अधिकाऱ्यांना नाताळात फळे, फुले, मिठाई यांनी भरलेली डाली पाठविण्याची प्रथा ब्रिटिश भारतात रूढ होती आणि १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात या शब्दाला स्वतंत्र नोंद मिळाली आहे. दोन्ही ठिकाणी टोपली हे सत्तासंबंधांचे माप होते. परंतु प्रवाहाची दिशा भिन्न होती. डाली खालून वर जाई. इंग्लंडमधील शिकारीची टोपली बहुतेक वेळा जमीनदाराकडून बरोबरीच्या वा खालच्या स्तराकडे येत असे.

चोरटा बाजार आणि शिक्षा

कायद्याने विक्री बंद झाली, तरी मागणी बंद झाली नाही. शहरातील नवश्रीमंत वर्गालाही नाताळच्या टेबलावर फेझंट हवा होता, आणि भेट पाठविणारा जमीनदार सर्वांनाच लाभलेला नव्हता. हॅना ग्लास यांच्याच ग्रंथात बाजारहाटाविषयीच्या सूचना आहेत. ताज्या तित्तिराची चोच आणि पाय कसे ओळखावेत, कोवळा फेझंट कसा पारखावा, हे त्यात सांगितले आहे. जो पक्षी कायद्याने विक्रीस येऊच शकत नाही, त्याची पारख शिकविणारा हा मजकूर चोरट्या व्यापाराचा अप्रत्यक्ष पुरावाच मानावा लागेल. लंडनचा लेडनहॉल बाजार या व्यापाराचे केंद्र होता. खेड्यातला मजूर रात्री जाळे लावी. खानावळवाला किंवा गाडीवान माल उचली. घोडागाडीच्या तळाशी दडवून तो राजधानीत पोचविला जाई. भेटीच्या टोपल्यांची वाहतूक कायदेशीर असल्यामुळे त्यांच्या गर्दीत चोरीची टोपली मिसळणे नाताळात विशेष सोपे जात असावे.

पकडल्या जाणाऱ्यांत अर्थातच खाणारे क्वचितच असत. १८१६ च्या कायद्याने रात्रीच्या वेळी जाळे वा शस्त्र घेऊन रानात सापडलेल्या माणसास ७ वर्षांची समुद्रापार हद्दपारी देण्याची तरतूद केली. १८१८ मध्ये विकत घेणाऱ्यालाही गुन्हेगार ठरविण्यात आले. तथापि खटले भरले जात ते मुख्यतः मजुरांवर. अनेक जमीनदार झुडपांतून स्प्रिंग गन, म्हणजे तारेला पाय लागताच आपोआप उडणाऱ्या बंदुका लावून ठेवीत. त्यांवर १८२७ मध्ये बंदी आली. १८२८ च्या कायद्यानुसार रात्रीच्या चोरट्या शिकारीच्या पहिल्या दोन गुन्ह्यांस सक्तमजुरी आणि तिसऱ्यास हद्दपारी अशी चढती शिक्षा ठरली. जे. एल. आणि बार्बरा हॅमंड यांनी 'द व्हिलेज लेबरर' या १९११ मधील ग्रंथात दिलेल्या माहितीनुसार १८२७ ते १८३० या काळात इंग्लंडमधील दर सात शिक्षांपैकी एक शिक्षा शिकारविषयक कायद्यांखालील होती. अशा दोषींची संख्या ८,५०२ भरते आणि त्यांतील अनेक जण १८ वर्षांखालील होते. ज्या वर्षांत धान्य महाग, मजुरी अपुरी आणि सार्वजनिक कुरणे कुंपणबंद झालेली होती, त्या वर्षांतील हे आकडे आहेत.

इतिहासकारांत याविषयी मतभेद आहेत. डग्लस हे यांनी कॅनक चेसच्या अभ्यासातून आणि ई. पी. टॉमसन यांनी १७२३ च्या ब्लॅक ॲक्टवरील ग्रंथातून या कायद्यांकडे वर्गसत्तेचे साधन म्हणून पाहिले. हे दोन्ही अभ्यास १९७५ चे आहेत. पी. बी. मन्शे यांनी १९८१ मध्ये कायद्याच्या प्रत्यक्ष अंमलबजावणीची बारकाईने तपासणी केली आणि तत्कालीन टीकाकारांनी रंगविलेले चित्र काहीसे भडक असल्याचे दाखवून दिले. न्यायाधीशाचे आसन भूषविणारा जमीनदार दर वेळी क्रूरच असे, असे समजणे चूक आहे, हा त्यांचा इशारा रास्त होय. परंतु पाकग्रंथांच्या बाजूने विचार केल्यास टॉमसन आणि हे यांचे म्हणणे अधिक पटते. शिक्षा सौम्य झाली काय किंवा कठोर झाली काय, एका वर्गाची भेटवस्तू हा दुसऱ्या वर्गाचा गुन्हा होता, ही मूळ रचना त्यामुळे बदलत नाही.

सिडनी स्मिथ या धर्मोपदेशकाने 'एडिंबरा रिव्ह्यू'मधून या व्यवस्थेवर सातत्याने टीका केली. शहरातील पैसेवाल्याला फेझंट हवा आहे आणि तो सरळ मार्गाने विकत मिळत नाही, तोवर कितीही शिक्षा वाढविल्या तरी चोरटी शिकार थांबणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. अखेर १८३१ च्या गेम ॲक्टने जमिनीची अट रद्द केली, वार्षिक प्रमाणपत्र घेणाऱ्यास शिकारीची मुभा दिली आणि परवानाधारक व्यापाऱ्यांस विक्री खुली केली.

१८३१ नंतरचे स्वयंपाकघर

नव्या कायद्याने पक्ष्यांचे मोसम निश्चित केले आणि त्यामुळे नाताळच्या भोजनाची यादीच ठरून गेली. तित्तिराचा मोसम १ सप्टेंबर ते १ फेब्रुवारी, फेझंटचा १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. ग्राउझचा मात्र १२ ऑगस्टला सुरू होऊन १० डिसेंबरला संपे. मोसम संपल्यावर दहा दिवसांनंतर व्यापाऱ्यालाही तो पक्षी विकता येत नसे. त्यामुळे नाताळच्या आठवड्यात ग्राउझ दुकानातून नाहीसा होई. याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाने रविवारी आणि नाताळच्या दिवशी शिकारीचे पक्षी मारण्यास मनाई केली. म्हणजे नाताळच्या टेबलावरील फेझंट त्या दिवशी मारलेला असूच शकत नव्हता.

स्वयंपाकघराला याची अडचण नव्हती. ताजा मारलेला फेझंट चिवट आणि बेचव लागतो. म्हणून तो पिसांसह, पोट न फाडता, थंड व हवेशीर खोलीत मानेला दोरी बांधून टांगून ठेवीत. या अवधीत मांसातील विकर स्नायूंचे तंतू सैल करतात आणि मांसाला तो विशिष्ट उग्र गंध येतो. किती दिवस टांगावयाचे हे हवेवर अवलंबून असे. डिसेंबरच्या थंडीत आठवडा सहज निघे. रानपक्ष्याच्या अंगावर चरबी अगदी कमी असल्याने भाजताना छातीवर बेकनचे काप बांधावे लागत. कोवळा तित्तिर भाजीत, वयस्क तित्तिर कोबीबरोबर मंद आचेवर शिजवीत. वुडकॉकची तऱ्हा निराळीच होती. तो आतड्यांसकट भाजून खाली ठेवलेल्या पावाच्या भाजक्या तुकड्यावर त्याचा रस झिरपू देत आणि तो पाव मोठ्या आवडीने खात. शाकाहारी वाचकास हे वर्णन रुचणार नाही. तथापि जेवणाऱ्याच्या अभिजाततेची परीक्षा घेणारा हा पदार्थ होता, हे ध्यानी घ्यावे लागते. सोबत दूध, कांदा, लवंग आणि पावाचा चुरा यांचा ब्रेड सॉस असे. सॉस पावाने दाट करण्याची ही रीत मध्ययुगापासूनची आहे.

विक्री खुली झाल्यावर रानपक्षी नाताळच्या मेजवानीचा सार्वत्रिक नायक व्हावयास हवा होता. तसे घडले नाही. तो मान टर्कीला मिळाला. सोळाव्या शतकात अमेरिकेतून आलेला हा पक्षी कायद्याच्या कचाट्यात कधीच सापडला नव्हता. नॉरफक आणि सफकमधून ३०० ते १००० टर्कींचे कळप शरद ऋतूत पायी लंडनकडे हाकीत नेले जात, असे डॅनिएल डीफो याने १७२० च्या दशकातच लिहून ठेवले आहे. तित्तिर टोपलीत दडून प्रवास करीत असताना टर्की उजळ माथ्याने रस्त्यावरून चालत येत होती. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ मधील 'अ ख्रिसमस कॅरोल'मध्ये नाताळच्या समृद्धीच्या राशीत शिकारीचे पक्षी आहेत. पण हृदयपालट झालेला स्क्रूज आपल्या कारकुनाच्या घरी पाठवितो ती दुकानातून विकत आणलेली टर्की. जमीन नसलेला माणूस रोख पैशाने उदार होऊ शकतो, हे त्या भेटीमागील नवे गृहीतक आहे. १८६१ मध्ये मिसेस बीटन यांनी टर्कीवाचून मध्यमवर्गाचा नाताळ कल्पिता येत नाही, अशा आशयाचे विधान केले, तेव्हा हे स्थित्यंतर पूर्ण झाले होते. जुनी प्रथा दरबारी वर्तुळात तेवढी टिकून राहिली. आयर्लंडच्या लॉर्ड लेफ्टनंटकडून व्हिक्टोरिया राणीला नाताळात वुडकॉकची पाई भेट जात असे.

जमीनदार वर्गाने प्रतिष्ठेचे केंद्र मग टेबलावरून रानात हलविले. मागून भरावयाच्या बंदुका आल्या, फेझंटची पिल्ले हजारोंच्या संख्येने वाढवून रानात सोडली जाऊ लागली आणि हाकारे घालून ती बंदुकांवर आणली जाऊ लागली. एक पक्षी वाढविण्याचा खर्च त्याच्या बाजारभावाहून कितीतरी अधिक असे. रान्याच्या वेषातला हा पाळीव पक्षीच होता, असे म्हटले तरी चालेल. १८६२ मध्ये सँड्रिंगहॅमची इस्टेट युवराज एडवर्डसाठी घेतली गेली. तेथील घड्याळे शिकारीस अधिक उजेड मिळावा म्हणून अर्धा तास पुढे ठेवीत आणि ही पद्धत १९३६ पर्यंत चालली. नाताळच्या एक आठवडा आधी, १८ डिसेंबर १९१३ रोजी, बकिंगहॅमशायरमधील हॉल बार्न येथे पाचव्या जॉर्जच्या उपस्थितीत एका दिवसात ३,९३७ फेझंट मारले गेले. दुसऱ्या बाजूस, १८६२ च्याच एका कायद्याने रस्त्यावरून जाणाऱ्या संशयितास थांबवून त्याच्या पिशवीची झडती घेण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला होता. विक्री मुक्त झाली. रान मात्र पूर्वीइतकेच बंदिस्त राहिले.

शिकारीच्या आणि व्यापाराच्या परवान्यांची १८३१ पासून चालत आलेली पद्धत इंग्लंड व वेल्समध्ये २००७ च्या सुधारणा आदेशाने रद्द झाली, आणि कायदेशीरपणे मारलेले पक्षी मोसमाबाहेरही विकण्यास परवानगी मिळाली. आता ग्राउझ नाताळात गोठविलेल्या स्वरूपात दुकानात मिळू शकतो. १८३१ च्या कायद्याचे तिसरे कलम त्या आदेशानंतरही कायम आहे, आणि २५ डिसेंबरला तेथे फेझंटवर बंदूक चालविणे हा आजही गुन्हा ठरतो.